चकतीचं वजन

दोन बोटांत धरलेली वस्तू आबा वीतभर उंचीवरून माझ्या काउंटरच्या काचेवर सोडायचे, मान तिरकी करायचे, डोळे मिटायचे आणि तिचा आवाज पार विरेपर्यंत ऐकत राहायचे. मग डोळे उघडून, सगळा दोष माझाच असल्यासारखं माझ्याकडे बघत म्हणायचे, "वाजत न्हाई, ताई."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही कुणी काउंटरवर किल्ली जरी टाकली, तरी माझ्या कपाळावर आठी येते.

शिरूरला एसटी स्टँडपासून जवळच माझं ट्रॉफी आणि नेमप्लेटचं दुकान आहे. लेझरचं एक मशीन आहे, त्यावर ॲक्रिलिक, लाकूड वगैरे कापायचं आणि नावं कोरायची कामं मी करते. तेव्हा दुकानाच्या पाटीवर खाली एक ओळ होती : 'तुम्ही सांगाल ते बनवून मिळेल.' हौसेनं लिहून घेतली होती. असल्या ओळी खऱ्या मानायच्या नसतात, हे दुकानदाराला माहीत असतं आणि गिऱ्हाइकालाही. आबांना ते माहीत नव्हतं. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. पाटीवर लिहिलंय तिथं गाडी जाणारच, असा त्यांचा सरळ हिशेब असावा.

शाळांच्या गॅदरिंगचे दिवस होते. दुकानात कप आणि ढालींचा ढीग पडलेला. अशा गर्दीत हे आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि दुकान रिकामं होईपर्यंत बसूनच राहिले. पांढरा शर्ट, पांढरी विजार, छातीच्या खिशाला दोन पेनं. मग उठून म्हणाले, "पत्त्याच्या डावात मधी टाकत्यात न्हाई का, पैशाच्या जागी? पिक्चरमधी असत्यात. तसल्या चकत्या पायजेत."

"पोकर चिप्स?"

"काय बी म्हणा. रमीला चालल्या म्हंजी झालं."

मी हाताशी असलेल्या लाल ॲक्रिलिकच्या तुकड्यातून एक गोल कापून दिला. कडा साफ, चकाकी छान. मला वाटलं, काम झालं. आबांनी ती काचेवर सोडली, मान तिरकी केली, आणि ते वाक्य पहिल्यांदा माझ्या कानावर पडलं.

"आबा, चकती आहे ती. घंटा नाही," मी म्हणाले.

"घंटा कुनी मागितली? पन टाकली तर टाकल्यागत वाटलं पायजे का न्हाई?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. रागावावं असं काही करत नाही, आवाज चढवत नाही, आभारही मानतो, आणि तरी तो गेल्यावर आपण पाच मिनिटं डोकं धरून बसतो. आबा असे होते. शिवाय निवृत्त कर्मचारी म्हणून त्यांच्याकडे एसटीचा पास होता, त्यामुळे न्हावऱ्याहून शिरूरला यायला त्यांना काही लागत नसे. आठवड्यातून एकदा तरी ते यायचेच. नमुना न्यायचे, पुढच्या खेपेला परत आणायचे, काचेवर टाकायचे. एका खेपेला काचेला बारीक तडा गेला. आबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काच पातळ हाय तुमची."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण चहा येईपर्यंत ते बाकीच्या गिऱ्हाइकांचीही काळजी वाहायचे. एकदा एक सर बक्षिसांचे कप निवडत होते. मोठी ऑर्डर होती. आबा खुर्चीवरून उठले, सरांच्या हातातला कप घेतला, वरखाली केला आणि म्हणाले, "सर, ह्यो लई हलका हाय. पोरगं घरी नेईस्तोवर हँडल ऱ्हायचं न्हाई." सरांनी कप ठेवला, 'विचार करून सांगतो' म्हणाले आणि गेले.

"आबा, माझं गिऱ्हाईक घालवलंत तुम्ही."

"येतंय माघारी. खरं सांगितलं की मानूस येतंच."

ते सर आजतागायत आलेले नाहीत.

ॲक्रिलिक झालं, मग आबांच्या डोक्यात लाकूड आलं. माझ्याकडे असतं ते दाबलेल्या भुशाचं लाकूड, एमडीएफ. नेमप्लेटला ठीक, पण ओल लागली की फुगतं. मी तसं सांगितलं. नको म्हणाले. "लाकडाला जीव असतो, ताई. हाताला गरम लागतंय." करून दिल्या. पुढच्या खेपेला पिशवीतून त्या चकत्या निघाल्या त्या चहात बुडवून ठेवलेल्या खारीसारख्या. कुणाचा तरी कप सांडला होता.

"फुगल्या," आबा म्हणाले.

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतं. पन जोरात न्हाई सांगितलं."

त्यानंतर आबांनी मला न विचारता गावातल्या कुंभाराकडून मातीच्या चकत्या भाजून आणल्या. कापडी पिशवीत घालून, एसटीत, मांडीवर घेऊन. रस्ता आपल्याकडचा तुम्हाला माहीतच आहे. काउंटरवर पिशवी उपडी केली तेव्हा निम्म्या चकत्यांच्या खापऱ्या झालेल्या आणि माझ्या सगळ्या काचेवर लाल धूळ. एक अख्खी सापडली ती त्यांनी टाकली. दोन तुकडे झाले. "आवाज मात्र झकास व्हता," आबा समाधानानं म्हणाले. मी फडकं घेऊन काच पुसत बसले.

शेजारी सोनाराचं दुकान आहे. एक दिवस त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, तुम्ही पत्त्यांच्या अड्ड्याला माल पुरवताय म्हणे?" पोलीस, पंचनामा, काय काय डोळ्यापुढे आलं. पुढच्या खेपेला आबा आले तेव्हा मी चहासुद्धा सांगितला नाही. सरळ विचारलं, "आबा, हे जुगारासाठी आहे का? तसं असेल तर मला जमणार नाही."

आबांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "जुगार बंद करायसाठीच तर चाललंय हे."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते असं. न्हावऱ्यात दूध डेअरीच्या मागं एक पत्र्याची शेड आहे. तिथं दुपारी आबा आणि त्यांचे मित्र, सगळे निवृत्त, रमी खेळायला बसायचे. पाच-दहा रुपयांवर खेळ. त्यात भानुदास म्हणून आबांचा शाळेपासूनचा मित्र. कोरेगाव भीमाकडच्या कारखान्यात नोकरी करून घरी बसलेला. हळूहळू पाच-दहाचे शंभर-दोनशे झाले. एक दिवस ऐन डावात भानुदासची बायको शेडच्या दारात येऊन उभी राहिली. भांडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "घरातला गॅस संपलाय. ह्यांच्याकडं पैसं न्हाईत म्हनं. तुमच्यापैकी कुनी जिंकलं असंल तर द्या."

"कुनाला वर बघवंना," आबा म्हणाले. "पत्तं तिथंच टाकलं आन् उठलो."

त्या दिवसापासून पैसा बंद. चिंचोक्यांवर खेळून पाहिलं. पण चिंचोके कोणीही कसेही टाकायचा. हरला तरी हसायचा, जिंकला तरी हसायचा. पत्त्यांकडे कुणाचं लक्ष नाही. डावातला जीवच गेला. एकेक माणूस कमी व्हायला लागला. आणि भानुदासनं मोबाईलवर रमी घेतली. शेडच्या बाहेर लिंबाखाली, सगळ्यांकडे पाठ करून तो एकटा बसायचा आणि अंगठा फिरवायचा.

"दोन म्हशी व्हत्या त्याच्या. येक इकली. घरी सांगितलं, भाकड झाली म्हून. आवं, तिच्या दुधाचा च्या मी आदल्या दिशी पिलो व्हतो!" आबांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला. "त्या मोबाईलात नोट न्हाई, नाणं न्हाई, काय न्हाई. बोट फिरवलं की गेलं. गेलेलं हाताला कळतच न्हाई, ताई. म्हून मला हाताला कळंल अशी वस्तू पायजे. जड झाली तर म्हातारी मानसं दमत्यात. हलकी झाली तर टाकताना कुनी मागंपुढं बघत न्हाई. आन् काय बी झालं तरी ती पैसा नसली पायजे."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही इचारलंच न्हाई."

एवढं ऐकल्यावर माझा त्रागा संपायला हवा होता. संपला नाही. उलट आता नाही म्हणायची सोय राहिली नाही, याचा वेगळाच वैताग सुरू झाला.

ट्रॉफीच्या धातूच्या बैठका मी दौंडच्या सलीमभाईंकडून करून घेते. स्टेशनच्या बाजूला त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. वडील, आजोबा सगळे याच धंद्यातले. त्यांना पितळी चकत्यांचं विचारलं तर म्हणाले, या, नमुना काढू. आबा बरोबर आलेच. वाटेत एसटीतल्या कंडक्टरनं तिकिटाचं मशीन कसं धरलंय, घंटी कशी उशिरा मारतोय, यावर त्यांचं भाष्य चालू. शेवटी तो पोरगेला कंडक्टर म्हणाला, "आबा, तुम्हीच घ्या का मशीन?" आबांनी खरंच हात पुढे केला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

सलीमभाईंनी पितळेच्या गजातून चकत्या काढल्या, कडेला बारीक खाचा पाडल्या. आबांनी एक घेतली आणि लेथच्या लोखंडी बैठकीवर सोडली. टण्ण! आबांनी डोळे उघडले तेव्हा ते अक्षरशः उजळले होते. "वाजली!"

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहून हात जोडले. मीही मनातल्या मनात जोडले.

पुढच्याच आठवड्यात आबा दुकानात हजर. हातात पिशवी, चेहरा उतरलेला.

"आता काय झालं?"

"आमच्यातल्या येकानं चकती भंगारवाल्याकडं नेऊन भाव काढला. सांजच्याला सगळ्यांना म्हाईत, येका चकतीला किती येत्यात. येक चकती तर गायबच झाली." आबांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "पितळ म्हंजी परत पैसाच झाला की ओ."

मी सलीमभाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, आबांना सांगा दगड घ्या. फुकट आहे, जड आहे, वाजतोपण."

मी तसंच, शब्दाला शब्द, आबांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. आबा गंभीरपणे म्हणाले, "दगडाचा इचार केलता मी. पन सगळे सारखे बसत न्हाईत."

मग एक दिवस मी आणि सलीमभाई फोनवर बोलत असताना मार्ग निघाला. खऱ्या क्लबातल्या चकत्या वरून प्लास्टिकच्या दिसतात, पण पोटात लोखंडाची चकती असते, वजन तिचं. सलीमभाई म्हणाले, "एवढंच ना? नटबोल्टला वायसर असतो तो मध्ये घालू. वर-खाली प्लास्टिकची वाटी दाबून घेऊ. माझ्या ओळखीत हातानं दाबायचं मशीन आहे एकाकडे." विकायला गेलं तर भंगारवाला दारात उभं करणार नाही, आणि हातात घेतली तर काहीतरी घेतलंय असं वाटेल. मला स्वतःलाच इतका आनंद झाला की आबांना मीच फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा.

पहिला नमुना खुळखुळ्यासारखा वाजला. वायसर आत हलत होता. आबा काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "कळलं. वाजतेय, पण नको तशी." पुढच्या वेळी सलीमभाईंनी आत गोंद भरला. मग प्रश्न वजनाचा. तीन जाडीचे वायसर घालून मूठ-मूठभर चकत्यांच्या तीन तऱ्हा केल्या आणि प्रत्येकीतली एकेक सोनारांच्या काट्यावर ठेवली. एक आठ ग्रॅमच्या आसपास, एक बाराला जराशी कमी, एक चौदा. सोनार म्हणाले, "ताई, सोनंसुद्धा इतकं जपून कोणी मोजून नेत नाही हो."

"मधली घ्या," मी आबांना म्हणाले. "तिन्हीत मधली."

"आसं मनानं कसं घ्यायचं? बसवून बघितलं पायजे."

तेव्हा माझा संयम सुटला. आता परत ही माणसं नमुने नेणार, परत आणणार, परत काहीतरी निघणार. मी दुकानाला कुलूप घातलं, गाडी काढली, आबांना मागे बसवलं आणि न्हावऱ्याला गेले. काय निकाल लागायचा तो माझ्यासमोर लागू दे.

शेडमध्ये सतरंजी अंथरलेली. डेअरीच्या कॅनचा आंबूस वास. पाच-सहा म्हातारी माणसं अंग सावरून बसली. बाई पत्ते बघायला आलीय म्हटल्यावर जरा कसनुशी झाली. बाहेर लिंबाखाली एक माणूस पाठ करून बसला होता, मान खाली. आबांनी हनुवटीनं दाखवलं. "त्यो."

आबांनी कुणाला काही सांगितलं नाही. वेगवेगळ्या वजनाच्या चकत्या वाटल्या आणि "खेळा" म्हणाले. मला शेजारी बसवलं.

"काय बघायचं?" मी विचारलं.

"पत्त्याकडं नगा बघू. डाव टाकायच्या आधी मानूस इचार करतो ना, तवा त्याचा मोकळा हात काय करतोय, त्ये बघा."

मी बघायला लागले. हलक्या चकत्या ज्यांच्यापुढे होत्या, त्या तशाच विस्कटून पडल्या होत्या. जड चकत्यांची लोकांनी चळत लावून ठेवली होती. एका आजोबांनी दोन उचलल्या आणि अंगठ्याचं पेर चोळत परत ठेवल्या. मधल्या वजनाच्या ज्यांच्याकडे होत्या त्यांचे डोळे पत्त्यांत होते, पण बोटं चकत्यांशी खेळत होती. एकावर एक सरकवायची, उलटी करायची, परत सुलटी. टक, टक. त्यांना स्वतःला पत्ताही नव्हता. आणि चकती मध्ये टाकताना हात क्षणभर थबकायचा.

"ह्या," आबा हळूच म्हणाले. "ह्या त्यांच्या झाल्या."

म्हणजे मी दुकानात सांगितलेलीच मधली. पण का, ते मला तिथं कळलं. मला ते पटलं, आणि पटलं याचाही राग आला.

छपाईचा घोळ राहिलाच होता. मी आकडे टाकू म्हटलं, दहा, वीस, पन्नास, जगात टाकतात तसे. आबांनी हात झाडला. "आकडा आला की पैसा आला. नावं टाका. परतेकाच्या चकतीवर त्याचं नाव. म्या हरलो तर माझं नाव दुसऱ्याच्या घरी जाऊन बसंल. ते खुपंल मला. नोट गेली तर एवढं खुपत न्हाई."

नावांचा कागद वाचला तर त्यात भानुदासचंही नाव.

"ते तर खेळत नाहीत ना आता?"

"त्याच्याबिगर डाव कसला? तुम्ही टाका."

चकत्या तयार झाल्या. आबांनी त्या नेल्या आणि मी सुस्कारा सोडला. त्याच आठवड्यात पाटीवरची ती 'तुम्ही सांगाल ते' ओळ रंगवून काढून टाकली. नवीन माणूस आबांसारखा निघाला तर पुन्हा झेपणार नव्हतं.

पुढचं मला आबांनीच सांगितलं, चहा पिता पिता, आणि सांगताना ते स्वतःच इतके हसत होते की बशीतला चहा हिंदकळत होता. भानुदासच्या चकत्यांची चळत त्यांनी रोज सतरंजीवर मांडायला सुरुवात केली. त्याचे पत्ते वाटायचे आणि त्याच्या वतीनं आबाच खेळायचे. खेळायचे म्हणजे मुद्दाम हरायचे. तेही कुणाकडे, तर भानुदासच्या व्याह्याकडे. त्याचा व्याहीही त्याच मंडळीत होता, आणि त्या दोघांचं लग्नातल्या मानपानावरून अजून धड नव्हतं. प्रत्येक डाव संपला की आबा लिंबाकडे तोंड करून ओरडायचे, "भानुदासच्या आनखी दोन चकत्या इवायाकडं!"

बरेच दिवस तिकडून काही उत्तर आलं नाही. मग एके दिवशी भानुदास उठून तरातरा शेडमध्ये आला.

"माझ्या नावानं कोन हरतंय रं?"

"तूच," आबा म्हणाले.

"म्या तर तिकडं बसलोय."

"बसलायस तिकडं, पन हरतोयस हितं. त्या मोबाईलात तरी दुसरं काय चाललंय? बसलायस लिंबाखाली आन् हरतोयस कुठं, कुनापाशी, तुला तरी म्हाईत हाय का?"

भानुदासनं खाली सतरंजीकडे पाहिलं. व्याह्याच्या गुडघ्यापाशी आपल्या नावाची चळत दिसत होती. व्याही त्यातली एक बोटांत फिरवत होता, आणि ते त्याला बघवेना. "सरक," तो आबांना म्हणाला, आणि बसला. आपलं नाव सोडवून न्यायला.

"मग मोबाईल सुटला?" मी विचारलं.

"दुपारचा सुटला. रातचं त्याच्या बायकूनं बघावं," आबा म्हणाले. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "लेकानं आता साधा फोन दिलाय त्याला, बटनाचा. पन त्याच्यानं तरी किती व्हतंय? मानूस हितं येऊन बसतोय, म्हून जरा धीर वाटतो."

मला वाटलं, आता आबांचं यायचं थांबेल. कसलं! आता छपाई पुसट होतेय म्हणून यायचे. कडा गुळगुळीत झाल्या म्हणून यायचे. एकदा नुसतंच सांगायला आले की चकत्यांना आता हाताचा घाम लागून आवाज सुधारलाय. मी मान न उचलता "बरं" म्हणायची आणि नावं कोरत राहायची.

मग मध्ये बरेच दिवस ते आले नाहीत. गर्दीच्या दिवसांत माझ्या लक्षातही आलं नाही. एका दुपारी एक बाई पायरीवर चपला काढून आत आल्या. लहानखुऱ्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. दुकानात चपला काढायची गरज नाही म्हटलं, तरी त्या अनवाणीच उभ्या राहिल्या.

"मी न्हावऱ्याची. ते यायचे न्हवं तुमच्याकडं, चकत्यांचं करायला…"

'यायचे' म्हणाल्या. मी मशीन बंद केलं.

पहाटे छातीत कळ आली होती. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. महिना होऊन गेला होता. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. डाव चालू आहे का, विचारलं. हो म्हणाल्या, मधे काही दिवस बसले नव्हते, आता बसतात. भानुदास भावजी रोज सकाळी दारावरून जाताना हाक मारून जातात, म्हणाल्या.

"दाराला पाटी लावायची हाय," त्या म्हणाल्या. "त्यांच्या नावाची. ते असताना ऱ्हायलीच."

"कसली करू? ॲक्रिलिक आहे, पितळ आहे, काळा दगड आहे."

"कसली बी करा. तुमाला कळतंय."

या दुकानात बसायला लागल्यापासून असं गिऱ्हाईक मिळावं म्हणून मी किती वेळा देवाला म्हटलं असेल. आणि आता मिळालं तर मी उगाच एकेक नमुना काढून त्यांच्यापुढे मांडत बसले.

"तुमच्याशी लई वाद घालायचे का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी खरं तेच सांगितलं. "फार. हे नको, ते नको. काही म्हणजे काही पसंत पडायचं नाही."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "घरी तर कवा बोललेच न्हाईत ओ. ताटात पडंल त्ये खायाचे. भाजीत मीठ नसलं तरी जेवून उठायचे. मग मी खायला बसले की मला कळायचं. असा राग यायचा मला! म्हनायची, आवं, तोंड हाय ना देवानं दिलेलं? तर म्हनायचे, चालतंय की."

"चालतंय म्हणायचे? आबा?"

"व्हय! उभ्या जन्मात, चालतंय."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसायलाच लागलो. त्या हसता हसता पदरानं डोळे पुसत होत्या, आणि मी उगाचच काउंटरवरची नसलेली धूळ झटकत होते.

पाटी मी काळ्या दगडाची केली. पहिल्या पाटीची अक्षरं मला बारीक वाटली, ती बाजूला ठेवली. दुसरीच्या कोपऱ्याला टवका निघाला. तिसरी बरी उतरली. त्या ठरल्या दिवशी घ्यायला आल्या. मी कागदात गुंडाळून दिली आणि स्टँडपर्यंत सोडायला गेले. न्हावऱ्याची गाडी लागलेलीच होती. पायरीपाशी मी पाटी त्यांच्या हातात ठेवली, तसे त्यांचे हात एकदम खाली गेले.

"जड हाय की ओ," त्या म्हणाल्या.

"हलकी करून देऊ का दुसरी?"

"नगं. ऱ्हाऊ द्या."

कंडक्टर वरून हात देत होता, "आजी, द्या इकडं, वर ठेवतो." त्यांनी दिली नाही. दोन्ही हातांनी पाटी पोटाशी धरली, खांदा दांडीला टेकवला आणि एकेक पायरी करत त्या गाडीत चढल्या.